घरामागचं तळं नक्की कशाच्या जोरावर उभं असतं?

आमच्या इकडे अटलांटाच्या उत्तरेला घर बघायला गेलं की एजंट आधी किचन दाखवत नाही, थेट मागच्या डेकवर नेतो आणि तळं दाखवतो. आम्हालाही तसंच दाखवलं. ऑक्टोबर होता, पानं लाल-पिवळी झालेली, पाण्यात दोन बदकं, बायको म्हणाली बास हेच घर. मग क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, दिवशी सह्यांचा जो गठ्ठा येतो त्यात एका कागदावर एक ओळ होती की तळं आणि डॅम हे होमओनर्स असोसिएशनच्या मालकीचे आहेत. सही केली. असोसिएशन म्हणजे आपणच, आणि आपण एका धरणाचे मालक झालोय, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

तिसऱ्या वर्षी बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. संध्याकाळी तळ्याच्या कडेने फिरायला जायचो, त्या वाटेचा एक तुकडा सरळसोट आहे, दोन्हीकडे गवताचा उतार, मला तो नुसता रस्ताच वाटायचा. बाबा तिथे मधोमध थांबले, डावीकडे पाणी बघितलं, उजवीकडे बघितलं तर खाली बावीस फुटांवर ओढा आणि त्याच्या पलीकडे घरांची छपरं. मला म्हणाले, "अरे हे धरण आहे. याचा सांडवा कुठाय?" सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, ती कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. बाबा नऊ वर्षांचे होते पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१, घर नारायण पेठेत. त्यामुळे त्यांचा तो प्रश्न साधा नव्हता, आणि मला उत्तर देता आलं नाही याची लाज वाटली म्हणून मी पुढच्याच महिन्यात असोसिएशनच्या डॅम कमिटीत नाव दिलं. आता सात वर्षं झाली. आमच्यासारख्या तळ्याकाठी राहणारी मराठी माणसं इथे बरीच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि मुळशी-कर्जतकडे फार्महाऊसला स्वतःचा बांध घालून तळं केलेल्यांसाठीपण.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. उत्तर जॉर्जियात नैसर्गिक तळं असं जवळपास नाहीच. जे दिसतं ते कुणीतरी कधीतरी ओढा अडवून केलेलं आहे. पुष्कळ तळी १९५०-६० च्या दशकात शेतकऱ्यांनी गुरांसाठी बांधलेली, मग शेत गेलं, बिल्डर आला, त्याने त्याच जुन्या बांधावर थोडी माती सारखी करून भोवती प्लॉट पाडले, आणि तळ्याचं नाव 'अमुक लेक' झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत ९० हजारांहून जास्त धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची आहेत. धरण मुख्यतः कशासाठी, या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा वीज नाही, सिंचन नाही, तर करमणूक लिहिलेलं आहे. म्हणजे मासे धरायला, होडी फिरवायला, डेकवर बसून बघायला.

आमचं तळं दहा एकर, सरासरी खोली सहा फूट. ऐकायला काहीच नाही. पण हिशोब केला तर हे पाणी होतं साधारण ७ कोटी ४० लाख लिटर. पुण्यात सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा, तसे ७,४०० टँकर, आणि ते सगळे एका मातीच्या भिंतीमागे उभे, रात्रंदिवस ढकलत असलेले.

आता ही भिंत काम कशी करते ते. मातीच्या धरणाबद्दल लोकांचा समज असतो की ते पाणी अडवतं. अर्धंच खरं आहे. पाणी कायमचं अडवता येत नाही, ते पुढे जाणारच, धरणाचं काम एवढंच की त्याने कुठून आणि किती वेगाने जायचं हे ठरवायचं. आणि पाण्याला जायला तीनच वाटा आहेत, वरून, पाइपातून, किंवा मातीतून. या तिन्ही वाटा आपल्या ताब्यात आहेत तोवर धरण शंभर वर्षंही उभं राहतं. एक जरी सुटली तरी संपलं.

वरून जाण्याची वाट म्हणजे सांडवा. बाबांनी तोच आधी विचारला ते बरोबरच होतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की ते मागच्या उतारावर जोरात उतरतं, पायथ्याशी माती कापतं, मग ती घळ मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि एकदा माथा तुटला की तळंच त्या खिंडीतून बाहेर पडतं. काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर बऱ्याचदा निभावतं, मातीच्या धरणाला ते सोसत नाही. म्हणून एका टोकाला, धरणाच्या भरावात नाही तर बाजूच्या घट्ट मूळ जमिनीत, माथ्यापेक्षा काही फूट खाली एक रुंद वाट काढून ठेवतात. वर्षातले ३६० दिवस ती कोरडी असते, गवत उगवलेलं असतं, आणि हाच घोटाळा आहे, कारण कोरडी सपाट जागा दिसली की लोकांना तिथे काहीतरी करायचं असतं. आमच्या सांडव्यात एकाने मुलांसाठी सँडबॉक्स आणि लाकडी कुंपण घातलं होतं, आणखी एकाने पानांचे ढीग टाकले होते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, ती जागा कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हवाईमध्ये काउआई बेटावर का लोको नावाचं खासगी धरण मार्च २००६ मध्ये फुटलं, सात माणसं गेली, आणि तपासात निघालं की सांडवा माती टाकून बुजवला होता.

पण सांडव्याचा विषय निघाला की मला जॉन्सटाउनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पेनसिल्वेनियातलं साउथ फोर्क धरण, आणि जॉन्सटाउन हे त्याच्या खालचं गाव. मी मुद्दाम गाडी चालवत तिथे जाऊन आलो, आता नॅशनल पार्क सर्व्हिसचं स्मारक आहे, धरणाची दोन टोकं अजून उभी आहेत आणि मधे नुसती पोकळी, त्या पोकळीतून आता रेल्वे लाइन जाते. त्या टोकावर उभं राहिलं की आपल्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये होणारी सगळी वाक्यं आठवतात.

हे धरण मुळात राज्य सरकारने कालव्याला पाणी द्यायला बांधलं, १८५३ मध्ये पुरं झालं. तेवढ्यात रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, धरण विकलं गेलं. १८६२ मध्ये एकदा फुटलंही, पण तेव्हा तळ्यात पाणी कमी होतं म्हणून फार काही झालं नाही. मग एका मालकाने तळाशी असलेले ओतीव लोखंडाचे पाच पाइप, ज्यातून तळं रिकामं करता यायचं, ते काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ही जागा एका क्लबसाठी घेतली गेली, साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब, सभासद कोण तर अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन, म्हणजे त्या काळातले देशातले सगळ्यात श्रीमंत लोक. त्यांनी भगदाड भरलं, पण पाइप परत बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली उतरवून रुंद केला. तळ्यात महागाचे बास मासे सोडले होते, ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. शिवाय जुनं भगदाड भरलेली मधली जागा हळूहळू खचत गेली, म्हणजे सगळ्यात उंच हवी तीच जागा सगळ्यात खाली.

यातली एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ वाटते बघा. रस्ता थोडा रुंद केला. माशांना जाळी लावली. माती थोडी बसली. खालच्या गावातल्या केंब्रिया आयर्न कंपनीच्या डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला माणूस पाठवून धरण तपासून घेतलं, क्लबला लेखी कळवलं की हे धोक्याचं आहे, दुरुस्तीला पैसे द्यायचीही तयारी दाखवली. क्लबने काळजीचं कारण नाही म्हणून कळवलं.

३१ मे १८८९ ला मुसळधार पाऊस, तळं तासातासाला चढतंय, सांडव्याच्या जाळ्यांत फांद्या-ओंडके अडकून पाण्याची वाट अर्धी बंद. क्लबचा अध्यक्ष मजूर घेऊन सकाळपासून झगडत होता, नांगर फिरवून माथ्यावर माती चढवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या टोकाला चर खणायला घेतला, जाळ्या मोकळ्या करायला गेले तर कचरा एवढा दाटलेला की हलेना. पाणी खाली सोडायचं म्हटलं तर पाइपच नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं, सुमारे २ कोटी टन पाणी, १४ मैलांवरचं जॉन्सटाउन, २,२०९ माणसं. कोर्टात क्लबवर काही शाबीत झालं नाही, देवाची करणी ठरली.

त्या जाळ्या मला विसरता येत नाहीत, कारण गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्या मीटिंगमध्ये अगदी हाच प्रस्ताव आला होता. तळ्यातल्या पाणवनस्पती खाणारे ग्रास कार्प मासे सोडले, महागाचे असतात, तर सांडव्याला जाळी लावूया का. मी उठून जॉन्सटाउनची गोष्ट सांगितली, पाच मिनिटं बोललो असेन, प्रस्ताव मागे घेतला.

आता दुसरी वाट, पाइप. रोजचं पाणी सांडव्यातून जात नाही, तळ्यात एक उभा पाइप असतो, त्याच्या तोंडाशी आलेलं पाणी आत पडतं आणि धरणाच्या पोटातून आडव्या पाइपने मागे ओढ्यात जातं. तोंडावर जाळीचा पिंजरा असतो, कचरा अडवायला. (हा पिंजरा आणि मगाशी सांगितलेली माशांची जाळी यात गल्लत करू नका, हा मोठ्या भोकांचा असतो आणि सतत साफ ठेवायचा असतो.) आमच्याकडे बीव्हर येतात. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की तो बुजवायचा हा त्या प्राण्याचा स्वभावच, एका रात्रीत तोंड काटक्या-चिखलाने लिंपून टाकतात आणि सकाळी तळं फूटभर चढलेलं असतं.

त्याहून मोठी भानगड म्हणजे पाइपाचं वय. १९७०-८० च्या दशकात खूप ठिकाणी नालीदार पत्र्याचे पाइप टाकले. तीस-चाळीस वर्षांत ते खालून गंजतात, भोकं पडतात, आणि आजूबाजूची माती त्या भोकातून थोडी थोडी पाण्याबरोबर निघून जाते. वरून काही कळत नाही. मग एक दिवस बरोब्बर पाइपाच्या रेषेवर, उतारावर, बादलीएवढा खड्डा दिसतो आणि लोक म्हणतात घुशीने केला असेल. तो खड्डा नुसता मातीने बुजवायचा नाही, इंजिनिअरला बोलवायचं. धरणातून आरपार जाणारी कुठलीही नळी ही त्याची सगळ्यात नाजूक जागा असते. पानशेतचं दुखणंही पाणी सोडायच्या बोगद्यापासूनच सुरू झालं, काम अपुरं, कमानीला लोखंड नाही, आणि त्याच्या वरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी शेवटी थांबलं नाही. बाबांना पोत्यांबद्दल खूप आठवतं, नंतर मोठ्यांकडून ऐकलेलं असणार, पण सांगतात स्वतः बघितल्यासारखं.

आमच्या पाइपात आम्ही कॅमेरा सोडला तेव्हा बुडाशी पत्रा कागदासारखा झालेला दिसला. त्याच पाइपात लहान व्यासाचा जाड प्लास्टिकचा पाइप सरकवून मधली फट ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, भरली. सगळा बांध उकरण्यापेक्षा स्वस्त, तरी घरटी काही हजार डॉलर आले. त्यावरून जी भांडणं झाली ती झाली. वर्षाच्या वर्गणीतून दरवर्षी थोडे वेगळे काढले असते तर एकदम बोजा पडला नसता, आता काढतो. हो, आणि तळाचा व्हॉल्व्ह असेल तर तो वर्षातून एकदा फिरवून बघाच, न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या दिवशी जाम असतो. मात्र तळं रिकामं करायचं झालं तर घाई नको, साधारण दिवसाला फुटाच्या आत, कारण आतल्या बाजूचा उतार पाणी पिऊन जड झालेला असतो आणि समोरचा पाण्याचा आधार एकदम काढला तर तो घसरून तळ्यात बसतो.

तिसरी वाट मातीतली, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हिने. प्रत्येक मातीचं धरण पाझरतं. हे ऐकून नव्या मेंबरांना धक्का बसतो, पण पाझर हा दोष नाही. प्रश्न एवढाच की पाणी एकटं बाहेर येतंय की माती घेऊन येतंय. माती घेऊन आलं तर मातीत केसाएवढी नळी तयार होते, नळी झाली की पाणी तिथे जास्त ओढलं जातं, जास्त पाणी जास्त माती नेतं, आणि नळी बाहेरून आत, तळ्याच्या दिशेने वाढत जाते. तळ्यापर्यंत पोचली की मग तास-दोन तासांचाच प्रश्न. म्हणून नीट बांधलेल्या धरणात मागच्या बाजूला वाळूचा थर असतो, चहाच्या गाळणीचंच काम, पाणी जाऊ दे, चोथा धरून ठेव.

आमच्या धरणाच्या पायथ्याशी उजवीकडे एक जागा कायम ओली असते, तिथे एक बारीक नळी लावून ठेवलीये. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी लोणच्याची एक लिटरची काचेची बरणी घेऊन जातो. बरणी नळीखाली धरायची आणि फोनवर स्टॉपवॉच लावायचं. साधारण ४० सेकंदांत भरते. मग बरणी पांढऱ्या कागदावर दहा मिनिटं ठेवायची आणि तळाशी काही बसतंय का बघायचं. इथली माती लाल आहे, अगदी रत्नागिरीची वाटावी अशी, त्यामुळे चिमूटभर जरी आली तरी तांबूस रेघ दिसते. वहीत तीन गोष्टी लिहायच्या, तळ्याची पातळी, सेकंद, पाणी नितळ की गढूळ. तळं चढलं म्हणून पाझर वाढला तर समजण्यासारखं आहे. तळं तेवढंच आणि पाझर वाढला, तर काळजी. आणि पाझर अचानक कमी झाला तर खूश व्हायचं नाही, नळी तुंबली असेल आणि पाणी दुसरीकडून वाट शोधत असेल. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी बरणीच्या तळाशी तांबूस थर बसला. मी पुन्हा भरली, पुन्हा बसला. त्याच दुपारी इंजिनिअर आला, पाणी तीन फूट उतरवायला सांगितलं, आणि त्या जागेवर वाळू आणि वर खडी असा गाळणीचा थर घालून घेतला. ती वही नसती तर आधी पाणी नितळ होतं हे मी कशाच्या जोरावर सांगितलं असतं?

या मातीतल्या वाटेचे मदतनीस दोन, प्राणी आणि झाडं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, झोपेतली वीसेक माणसं गेली, आणि नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं एक विधान आलं ज्यावर सगळा महाराष्ट्र संतापला. संताप बरोबर होता, कारण गावकरी गळतीची तक्रार आधीपासून करत होते. बिळं धरणाला मारक असतात हे इंजिनिअरिंगमध्ये खरंच आहे, पण म्हणूनच तर बिळं शोधून बुजवणं हे मालकाचं काम आहे, खेकड्याचा त्यात गुन्हा नाही. आमच्याकडे मस्करॅट आणि ग्राउंडहॉग हे बिळं करणारे प्राणी असतात. गवत आखूड ठेवायचं ते दिसायला छान म्हणून नाही, बीळ, भेग, ओल नजरेला पडावी म्हणून.

झाडांचा वाद कठीण. लोकांचा जीव असतो झाडावर, आणि माझाही आहे. पण बांधावरचं झाड वादळात पडलं की मुळांसकट बांधाचा घास घेऊन जातं, आणि नाही पडलं तर कधीतरी मरतं, मुळं कुजतात आणि जागोजागी तयार नळ्या उरतात. मोठं झालेलं झाड नुसतं कापूनही चालत नाही, मुळं खाली कुजणारच, ती काढून माती थराथराने कुटून भरावी लागते आणि ते इंजिनिअरच्या देखरेखीखालीच. म्हणून रोप बोटाएवढं असतानाच उपटावं.

आमच्याच जॉर्जियात टकोआ फॉल्सला ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, दीडच्या सुमारास, केली बार्न्स धरण फुटलं. आधी विजेसाठी होतं, ते बंद पडल्यावर नुसतं तळं म्हणून वापरात. मागचा उतार खडा, त्यावर झाडं माजलेली. खाली बायबल कॉलेज, तिथे राहणारी ३९ माणसं गेली. अध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियाचेच, त्यानंतर देशभरातल्या अशा धरणांची तपासणी सुरू झाली आणि १९७८ मध्ये जॉर्जियाने धरण सुरक्षेचा कायदा केला.

त्या कायद्यातली एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. धरण 'कॅटेगरी वन' ठरतं ते खराब असल्यामुळे नाही. फुटलं तर खाली माणसं मरण्याची शक्यता असेल तर ते कॅटेगरी वन, मग ते कितीही मजबूत असो. म्हणजे शेतात असताना साधं असलेलं आमचं धरण, खालच्या बाजूला घरं झाली त्या दिवशी बसल्या जागी धोक्याच्या यादीत गेलं, धरणात काडीचा बदल न होता. आणि मग सांडवा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या पावसाच्या हिशोबाने हवा, तो खर्च वरच्या मालकांवर. अन्याय वाटतो, पण पाणी आपलं आहे. नको असेल तर परवानगी घेऊन नीट रिकामं करून धरण काढूनही टाकता येतं, काही असोसिएशन्स तेच करतात. भारतात २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना लागू होतो, त्यामुळे फार्महाऊसचा पाच मीटरचा बांध त्यात येत नाही, तिथे बघणारे तुम्हीच.

शेवटचं काम मातीचं नाही, फोनचं आहे. जॉन्सटाउनला त्या दिवशी तारेने इशारे गेले होते, पण धरण फुटणार ही हूल दरवर्षीच उठायची, कुणी मनावर घेतलं नाही. म्हणून आपत्कालीन आराखडा लागतो, पाणी कुठवर येईल याचा नकाशा, कुठल्या पातळीला कुणाला फोन, पोलिसांना कोण कळवणार, खालच्या घरांना कोण. आमच्या धरणाखाली अकरा घरं आहेत. त्यांच्या खिडकीतून तळं दिसत नाही, आमच्या असोसिएशनमध्येही ते नाहीत. पहिल्यांदा मी दारोदार गेलो तेव्हा अकरापैकी सात जणांना वर तळं आहे हेच माहीत नव्हतं. एका आजींनी नकाशा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं, रात्री आलं तर? मी म्हणालो रात्रीही फोन येईल, मी करीन, आणि त्यांनी माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. ती यादी दर मार्चला पुन्हा करावी लागते, नंबर बदलतात, माणसं बदलतात. ओढ्याच्या वळणावरच्या घरात गेल्या आठवड्यात नवे भाडेकरू आलेत, दोन लहान मुलं दिसली अंगणात. त्यांचा नंबर अजून घ्यायचाय, उद्या संध्याकाळी जातो.